चार वाजताची टकटक

बैठकीच्या खोलीत कप फुटला, आणि स्वयंपाकघरात बिस्किटांची बशी भरत उभ्या असलेल्या धाकटीच्या काळजात चर्र झालं! सोनेरी काठाच्या, इतकी वर्षं सहाच्या सहा शाबूत राहिलेल्या संचातला कप होता तो… आता थोरल्या जाऊबाई घर डोक्यावर घेणार, आणि कप कुणीही फोडलेला असो, त्याचं खापर कुणाच्या माथी फुटायचं हे या घरात फार पूर्वीच ठरून गेलेलं होतं. ती तशीच दाराकडे धावली. पण जाऊबाईंचा आवाज आलाच नाही. आला तो एका म्हाताऱ्या माणसाचा, फाटका, थरथरता आवाज.

"गप्प! सगळे गप्प बसा जरा! हा हात… हा हात कुणाचा आहे?"

पडद्याआडून तिनं पाहिलं आणि ती जागच्या जागी खिळली. माजी सैनिकांच्या कचेरीतून आलेले साहेब मांडीवरची फाइल सावरत अर्धवट उठले होते. त्यांनी सोबत आणलेले तारमास्तर, ऐंशी ओलांडलेले, दोन्ही डोळे गेलेले, खोलीच्या मधोमध ताठ उभे होते; सांडलेला चहा त्यांच्या विजारीवरून ठिबकत होता आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं. थोरली आपल्या नेहमीच्या खुर्चीत, भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोखाली बसली होती. तिचा मुलगा, शाळेचा हेडमास्तर, फुटक्या कपाचे तुकडे वेचायला वाकला होता तो तसाच राहिला. आणि त्या भयाण शांततेत घराच्या मागच्या खोलीतून आवाज येत होता. टक… सर्र… टक टक… सर्र…

त्यात दचकण्यासारखं काय होतं, हे धाकटीला कळेना! तो तर रोजचा आवाज. मागच्या खोलीत तिचा नवरा पुस्तकांची बांधणी करायचा. शाळांची, वाचनालयांची, पाठ मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं त्याच्याकडे यायची आणि नवा पुठ्ठा घालून जायची. कागदाची घडी बसवायला त्याच्याकडे हाडाची एक गुळगुळीत पट्टी होती. चार वाजले, दिवसाचं काम आटोपलं, की ती पट्टी तो लाकडी फळीवर वाजवायचा. मध्येच टक, मध्येच लांब घासल्याचा सर्र… मिनिटभर, रोज अगदी तस्संच, आणि मग पट्टी पुसून डब्यात. लग्नानंतरचा पहिला काळ सोडला तर हे असंच चाललं होतं. "पुरे करा हो ती टकटक, डोकं उठतं माझं!" असं ती निदान हजार वेळा म्हणाली असेल. तो नुसता हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा आपलं टक… सर्र… सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं म्हणून तिनं तो नाद सोडला होता.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी या घरातले दोघे भाऊ एकाच युद्धावर गेले होते. दोघेही संदेश पाठवणाऱ्या दलात, दोघांची नेमणूक एकाच टेकडीवर. थोरला त्या ठाण्याचा प्रमुख, धाकटा त्याच्या हाताखाली. थोरला परत आला तो फोटो होऊन. धाकटा जिवंत आला, आणि तोच त्याचा गुन्हा ठरला! चौकशीत त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, "शेवटपर्यंत यंत्रावर दादा होता. मी भिऊन पळालो. दादा मला शोधायला खाली आला आणि वाटेत त्याला गोळी लागली." शिक्षा भोगून, अंगावरचा गणवेश उतरवून तो घरी आला तेव्हा आईनं तोंड फिरवलं, ते मरेपर्यंत. आठ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन थोरली दारात आडवी उभी राहिली. "राहायचं तर मागच्या खोलीत राहा. पण ज्या दारातून माझा नवरा बाहेर पडला, त्या दारातून पळपुट्यानं आत यायचं नाही." तेव्हापासून दोघं नवराबायको बोळातून, मागच्या दारानं ये-जा करत होती. थोरली त्याच्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर धाकटीला सांगायची, तेसुद्धा भिंतीकडे बघून.

आणि धाकटी? युद्ध सुरू झालं तेव्हा तिच्या लग्नाला सहा महिने झाले होते. माहेरचे न्यायला आले. ती गेली नाही. तिला मूल हवं होतं, फार हवं होतं! "पळपुट्याचं पोर म्हणून त्यानं शाळेत मार खायचा का?" असं तो एकदाच म्हणाला, आणि तिनं ती आशाही गिळली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भ्याला तर भ्याला, माणूस आहे, पंचवीस वर्षांचा पोरगा होता, अशी तिनं आपल्या मनाची समजूत घातली होती आणि त्या समजुतीवर सगळा जन्म काढला होता.

आज साहेब आले होते ते थोरल्या भावासाठी. त्या युद्धात ज्यांच्या कर्तबगारीची कुणी दखलच घेतली नाही, अशांचा आता उशिरा का होईना सन्मान करायचं वरून ठरलं होतं. रविवारी सोहळा. टेकडीवरच्या त्या वीराचं पदक त्याच्या पत्नीनं स्वीकारायचं, त्यासाठी सही हवी होती. ज्यांच्या चिकाटीच्या पत्रांमुळं हे सगळं घडून आलं, ते तारमास्तर हट्टानं सोबत आले होते. सकाळीच थोरलीनं भिंतीला सांगून ठेवलं होतं, "पाहुणे असेपर्यंत कुणी पुढं यायचं नाही म्हणावं."

"मास्तर, बसा. काय होतंय तुम्हाला?" साहेबांनी त्यांचा दंड धरला.

मागची टकटक थांबली होती. तारमास्तरांनी मान त्या दिशेला वळवली.

"साहेब, त्या टेकडीवरच्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. डोळे होते तेव्हाही नाही. मी खाली, दहा कोसांवर, माझ्या कानाला यंत्र. पण त्याचा हात मला ठाऊक आहे हो! तारेतली टिंबं आणि रेघा सगळ्यांच्या त्याच, पण आमच्या धंद्यात ज्याचा त्याचा हात वेगळा असतो. पायरीवर पाय वाजला की बाईला कळतं ना, नवरा आला की दूधवाला, तसं. त्या दिवशी सकाळी टेकडीवरून एक हात बोलत होता, भरभर, घाईतला. दुपारी दुसरा सुरू झाला. मला वाटलं, पाळी बदलली. त्या दुसऱ्या हातानं गोळीबारात बसून अकरा संदेश पाठवले. पुलावर निघालेली आमची अख्खी तुकडी त्यामुळं माघारी फिरली, तीनशे माणसं वाचली! आणि प्रत्येक संदेश झाला की तो शेवटी एकच प्रश्न विचारायचा…"

"कसला प्रश्न?" हेडमास्तरनं विचारलं.

"'दादा पोचला का?'"

साहेबांनी घाईनं फाइल चाळली, त्या प्रश्नाची नोंद शोधायला.

"मी तो वहीत घेतला नाही. खाजगी शब्द वहीत लिहायचा नाही, असा आमच्या खात्याचा कडक नियम. मी त्या खात्यात नवा होतो, घाबरट होतो. वाटलं, असेल बिचाऱ्याच्या घरचं काही. अकरा वेळा विचारलं त्यानं, आणि मी अकरा वेळा उत्तर दिलं नाही…" म्हातारा पुन्हा मागच्या खोलीकडे वळला. "आता आत जो कोणी वाजवत होता ना, तो तोच हात आहे. आणि तोच प्रश्न विचारतोय."

धाकटीनं दाराची चौकट धरली. यंत्रावर दादा होता, असं सगळं जग म्हणत होतं… आणि यंत्रावर दादा होता, तर 'दादा पोचला का' असं विचारलं कुणी? रोज चार वाजता… रोज… आणि आपण म्हणत होतो, पुरे करा ती टकटक! तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

तारमास्तर भिंत चाचपत निघाले. त्यांना अडवायचं कुणाला सुचलं नाही. मागच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं. खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांचे ढीग, आणि फळीपाशी उभा असलेला, चष्मा कपाळावर चढवलेला, बहात्तर वर्षांचा बांधणीवाला.

"तुमचा हात द्या हो जरा माझ्या हातात," तारमास्तर म्हणाले.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले, एखाद्या चोरी पकडलेल्या मुलासारखे. "तुमची चूक होतेय," तो हळू आवाजात म्हणाला. "तार वाजवायला मला दादानंच शिकवलं. त्याच्यासारखा हात वाटत असेल. यंत्रावर दादाच होता. मी पळालो होतो. सगळं कागदावर आहे."

"माणसं खोटं बोलतात. हाताला ते जमत नाही."

"मास्तर, वय झालं तुमचं. आणि माझंही," तो म्हणाला आणि त्यानं फळीवरचे कागद आवरायला घेतले.

"ऐकलंत ना?" मागून थोरलीचा आवाज आला. दारातूनच, भिंतीकडे बघून. "स्वतःच्या तोंडानं सांगतायत. साहेब, कागद काढा. मी सही करते." सही तिनं केली. पण तिसऱ्या खेपेला जमली.

पाहुणे गेले. उन्हं अजून बोळात होती. धाकटीनं मागच्या खोलीचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून ती उभी राहिली. तो सुईत दोरा ओवत होता. दोरा जाईना. ओठांनी ओला करून पुन्हा पुन्हा तेच. तिनं पुढं होऊन सुई हिसकावून घेतली.

"खरं सांगा. माझी शपथ आहे तुम्हाला!"

"शपथ नको गं घालू," तो एकदम कळवळून म्हणाला. "एकदा मी घातली होती कुणालातरी."

आणि मग तो बोलला. सत्तेचाळीस वर्षांचा साचलेला बांध एका सुईच्या छिद्रातून वाट काढतोय असं तिला वाटलं.

"त्या दिवशी सकाळी शिधा आला, त्यात पत्र होतं. वहिनींचं. नववा महिना लागला होता त्यांना. लिहिलं होतं, 'मूल आडवं आहे म्हणतात. मी घाबरले आहे. एकदा येऊन तोंड दाखवून जा, मग मेले तरी चालेल.' दादानं ते मला वाचून दाखवलं आणि त्याचा हात यंत्रावर ठरेना. त्यानं सुटी मागितली, नाही म्हणाले. मीच म्हटलं, दाट धुकं आहे, कुणाला दिसणार नाही, तू जा. पुलापाशी गाडी मिळेल. दोन दिवसांत परत ये, दोघांची पाळी मी सांभाळतो. तो नको म्हणत होता गं! प्रमुखानं जागा सोडायची म्हणजे काय, त्याला कळत नव्हतं? मी आईची शपथ घातली तेव्हा गेला. तासाभरात धुकं फाटलं आणि गोळीबार सुरू झाला…"

तिनं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"यंत्र फुटेपर्यंत मी बसलो. मग त्याला शोधत खाली उतरलो. ओढ्यापाशी होता. पत्र खिशात. मी ते तिथंच पाण्यात सोडलं. आमच्या लोकांनी मला त्याच्या शेजारी बसलेला पाहिला. पहिलाच प्रश्न आला असता, प्रमुख जागा सोडून का निघाला? काय सांगणार होतो? मेलेल्या माणसाला पळपुटा म्हणाले असते. आणि मी खरं सांगितलं असतं तर… चौकशी झाली तेव्हा आठ दिवसांची ओली बाळंतीण ती. तिला कुणी जाऊन सांगायचं, की बाई, तुझ्या पत्रानं तुझा नवरा टेकडीवरून उतरवला? जगली असती ती? पोर जगलं असतं?"

धाकटी बघत राहिली. हा माणूस! ज्याच्या भित्रेपणाला आपण पोटात घातलं, ज्याला आपण मनातल्या मनात माफ करत आलो, तो हा! आदरानं तिचा ऊर भरून यायला हवा होता. पण आधी उसळला तो संताप, अनावर, जळजळीत!

"आणि मी?" ती ओरडली. "वहिनी जगायला हव्या होत्या, त्यांचं पोर जगायला हवं होतं, आणि मी? माझी कूस रिकामी ठेवलीत तुम्ही! मागच्या दारानं भांडीवालीसारखी फिरले मी! एका खोलीत झोपत होतो आपण, एका ताटात जेवलो, आणि मला… मलासुद्धा नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प राहिली असतीस?"

नसती राहिली. पहिल्याच भांडणात थोरलीच्या तोंडावर फेकलं असतं तिनं ते! त्याला ते बरोबर ठाऊक होतं, म्हणून तर ती आणखीच चिडली.

"आता तरी गप्प राहशील का?" त्यानं हात जोडले. "रविवारपर्यंत. मग काय राहिलंय आपलं! पदक दादाला मिळू दे. नाहीतर वहिनींना सगळं कळेल, पत्रासकट. त्र्याहत्तराव्या वर्षी तो घाव त्यांनी कुठं ठेवायचा?"

त्या रात्रीबद्दल काही सांगण्यासारखं नाही. दोघं जागी होती आणि दोघं झोपेचं सोंग घेऊन पडली होती. सकाळी धाकटी चहा गाळत असताना थोरली स्वयंपाकघरात आली. या वेळी ती भिंतीकडे बघत नव्हती.

"तुला काही बोलले का ते?"

चहाचं गाळणं हातातच राहिलं. किती वर्षं वाट पाहिली होती या क्षणाची! एक वाक्य… फक्त एक वाक्य, आणि हा सगळा अपमान, ते मागचं दार, ती लग्नसमारंभातली शेवटची रांग, सगळं फिटलं असतं. शब्द ओठांशी आले होते. मग तिला ते जोडलेले हात दिसले, खळीनं पांढरे झालेल्या नखांचे.

"तारमास्तर थकलेत, ताई," ती म्हणाली. "चुकतं माणसाचं."

"हं," थोरली म्हणाली. आणि ती चहा न घेताच गेली.

आपण काय केलं हे धाकटीला कळलं ते ती निघून गेल्यावर. तिनं ओट्यावर डोकं टेकवलं आणि आवाज न करता रडून घेतलं. नवऱ्यानं सत्तेचाळीस वर्षं केलं ते एकदा करताना तिचा जीव असा सोलवटून निघाला होता!

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. थोरली, जी मुलाशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जायची नाही, ती दुपारची छत्री घेऊन एकटीच बाहेर पडू लागली. कुठं जाते, कुणाला सांगेना. हेडमास्तरनं विचारलं तर म्हणाली, "तुझ्या शाळेत नाव घातलंय." शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत वेगळाच गोंधळ. हाडाची पट्टी सापडेना! धाकट्यानं सगळे पुठ्ठे उपसले, डबे उलटे केले.

"अगं, डब्यात ठेवली होती मी! चष्मा कुठं ठेवला ते विसरतो मी, मान्य, पण पट्टी?"

"उंदरानं नेली असेल," धाकटी म्हणाली.

"उंदीर काय पुस्तकं बांधणार आहे?"

त्या दिवशी चार वाजता त्यानं बोटानंच फळी वाजवली. धाकटी दाराआड उभी राहून ऐकत होती. आता तिला प्रत्येक टकटकीत तो प्रश्न ऐकू येत होता. दादा पोचला का… दादा पोचला का…

रविवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत काठ्या टेकलेले, कानात यंत्रं घातलेले, गणवेशाचा जुना कोट अंगाला होत नाही म्हणून बटणं उघडी टाकलेले म्हातारे सैनिक. त्यातले काही जण नाव पुकारलं तरी ऐकू न आल्यानं बसून राहात, आणि शेजारचा कोपरानं ढोसून उठवी. इतक्या उशिरा आलेला सन्मान, आणि घ्यायला उठवेनासं झालेलं! धाकटा यायला तयार नव्हता, पण थोरलीनं सकाळी धाकटीला सांगितलं होतं, "दोघंही या." म्हणून दोघं आली होती आणि सवयीनं शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली होती.

थोरल्या भावाचं नाव पुकारलं. टाळ्या. थोरली मुलाच्या हाताला धरून व्यासपीठावर चढली. साहेबांनी मखमली पेटी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

साहेब गडबडले. कार्यक्रमपत्रिकेत तसं नव्हतं. पण तोवर ती ध्वनिक्षेपकापाशी पोचली होती.

"हे पदक टेकडीवरच्या माणसाचं आहे. टेकडीवर शेवटपर्यंत माझा नवरा नव्हता."

सभागृहात कुजबुजीची एक लाट उठली. हेडमास्तरनं आईचा दंड घट्ट पकडला. "आई! काय बोलतेस तू?" धाकटा उठून उभा राहिला. "नको… वहिनी, नको," तो पुटपुटत होता, पण शेवटच्या रांगेतून ते कुणाला ऐकू जाणार!

"तो पळाला नव्हता. मी बोलावलं म्हणून तो येत होता." थोरलीचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "मी पत्र लिहिलं होतं. ते त्याला मिळालंच नाही असं मी जन्मभर समजत होते. चार दिवस मी तारमास्तरांकडे जातेय. त्या सकाळी पहिल्या हातानं सुटी मागताना काय शब्द पाठवले, ते मी त्यांना विचारलं. तेही वहीत नव्हते, पण त्यांना पाठ आहेत. 'बायको घाबरली आहे, तोंड दाखवून येतो.' ते माझे शब्द आहेत हो… माझ्या पत्रातले! मग मला सगळं कळलं. कुणी यंत्र सांभाळलं, कुणी शिव्या खाल्ल्या, आणि कुणासाठी."

धाकटीनं बोटांवर दिवस मोजले. चार दिवस! चार दिवस ही बाई हे ठाऊक असून घरात वावरत होती, आणि आपण तिला वाचवायला खोटं बोललो होतो, आणि तिनं ते ओळखूनही ऐकून घेतलं होतं!

"मॅडम," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "कागदावर नाव वेगळं आहे. बदलायचं तर वेळ लागेल…"

"लागू दे. माणूस समोर आहे तोवर बदला म्हणजे झालं." तिनं पर्स उघडली. "पण त्याआधी एक काम राहिलंय. एका प्रश्नाचं उत्तर गेलेलं नाही."

तिनं पर्समधून हाडाची पट्टी काढली.

ध्वनिक्षेपकाच्या पुढ्यातल्या लाकडावर तिनं ती टेकवली. टक… सर्र… पट्टी घसरली, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टक… सर्र… सर्र… टक… आवाज कर्ण्यांतून सगळ्या सभागृहात घुमला. लोक एकमेकांकडे बघू लागले, बाईंना काही झालं की काय! पुढच्या रांगेत फक्त आंधळे तारमास्तर दोन्ही हात छातीशी धरून उभे राहिले होते, आणि प्रत्येक अक्षराला त्यांचे ओठ हलत होते, शिष्येचा पाठ म्हणून घेणाऱ्या गुरुजींसारखे. आणि शेवटच्या रांगेत धाकटा.

धाकटीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तार तिला येत नव्हती. पण त्याचा चेहरा जसजसा मोडत गेला, सुरकुत्यांतून पाणी वाट काढू लागलं, तसं तिलाही ते उत्तर वाचता आलं.

पोचला.

"भावजी!" थोरलीनं हाक मारली. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! "पुढं या. मला इतकं उतरवत नाही आता."

त्याचे पाय हलेनात. व्यासपीठावरून हेडमास्तर उतरला, दोन रांगांमधल्या वाटेनं धावत आला, आणि ज्या काकाकडे तो शाळेची पुस्तकंसुद्धा शिपायाच्या हाती पाठवायचा, त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "काका," तो म्हणाला. "काका, चला ना." बस्स. त्यानं एका हातानं काकाला धरलं, दुसऱ्या हातानं काकूला. वाटेत म्हातारे सैनिक एकेक करून उठत होते. ज्यांना उठता येत नव्हतं ते काठ्या जमिनीवर आपटत होते.

तारमास्तरांनी चाचपत त्याचा हात शोधला आणि दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. "अकरा वेळा विचारलंस रे, अकरा वेळा," ते रडत होते. थोरलीनं पदक त्याच्या सदऱ्याला लावायचा प्रयत्न केला. टाचणी बसेना, तेव्हा तिनं धाकटीकडे पाहिलं. "तू लाव. तुझा हक्क आहे. आणि माझ्याशी खोटं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं गं?"

"तुमच्या भावजींनी," धाकटी म्हणाली, आणि दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून, भर सभागृहात, लहान मुलींसारख्या हमसून हमसून रडल्या.

सगळी घरी आली तेव्हा धाकटा सवयीनं बोळाकडे वळला. थोरलीनं त्याची बाही धरून त्याला पुढच्या दाराकडे फिरवलं. उंबऱ्याशी तो क्षणभर थबकला, चपला कुठं काढायच्या हे त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पुस्तकांचा नवा गठ्ठा आला होता, या वेळी हेडमास्तर स्वतः घेऊन आला होता. दुपारी धाकटी स्वयंपाकघरात होती. घड्याळात चार वाजले. ती नकळत कान देऊन उभी राहिली.

काहीच आवाज आला नाही.

एक मिनिट गेलं. दोन. हातातलं टाकून ती धावली, तिच्या पाठोपाठ पुढच्या खोलीतून थोरलीही लगबगीनं आली. दोघींनी एकदमच दार ढकललं.

तो फळीपाशी बसला होता. पट्टी पुसून डब्यात ठेवलेली. सुईत दोरा ओवलेला.

"चार वाजून गेले," धाकटी धापा टाकत म्हणाली. "आज वाजवलं नाहीत?"

त्यानं चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं, थोरलीकडे जरा जास्त वेळ.

"उत्तर आलं ना," तो म्हणाला. "आता काय विचारू? चहा टाका कुणीतरी."